निळा दिवा लावला म्हणून समुद्र होत नाही



अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यावरच्या व्हिडिओत कोरलच्या लाइटिंगचा विषय दोन मिनिटांत उरकावा लागला. इथे तो जरा सविस्तर घेऊया. या धंद्यात उतरणारे बरेच जण पहिलं गणित लाइटवरच मांडतात, कारण मार्जिन तिथे दिसतं. माझं मत मात्र सरळ आहे: लाइट विकणारे खूप आहेत, तुम्ही मोजलेला प्रकाश विका. आणि कोरल विकायच्या फंदात अजिबात पडू नका. का, ते पुढे सांगतो.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "टँक एकदम नॅचरल रीफसारखा दिसला पाहिजे." दुकानदार निळाशार लाइट लावून दाखवतो, "वीस हजार केल्विन आहे साहेब" म्हणतो आणि बिल फाडतो. तुम्ही तिथे एक प्रश्न विचारायचा: कुठलं रीफ, आणि किती खोलीवरचं?

कारण "नैसर्गिक" असा एकच प्रकाश समुद्रात नसतो. लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा सगळ्यात खोल पोचतो. म्हणून तिथलं खोल रीफ निळं दिसतं. पण आपल्या मालवणच्या समुद्रातही कोरल आहेत, आणि तिथलं पाणी बरंच गढूळ. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात निळाच आधी अडतो, हिरवट प्रकाश जास्त आत जातो. दोन्ही रीफ खरीच. पाच फूट खोलीवरचं कोरल आणि साठ फुटांवरचं कोरल, दोघांचा प्रकाश वेगळा. तेव्हा खोक्यावर "रीफ मोड" लिहिलंय म्हणून ते रीफ झालं, असं नसतं हो.

आता निळ्याचा इतका बोलबाला का, तेही कळलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकासमोर फक्त पाठ केलेलं बोलाल. रीफ बांधणाऱ्या कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. हे शेवाळ निळा प्रकाश, साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरचा पट्टा, चांगला वापरतं. म्हणजे लाइट तुम्ही कोरलसाठी लावत नाही, त्याच्या पोटातल्या भाडेकरूसाठी लावता. भाडेकरू उपाशी राहिला तर घरमालकही उपाशी.

आणि इथेच वॉट आणि ल्युमेनचा घोळ होतो. वॉट म्हणजे लाइट किती वीज खातो, एवढंच. ल्युमेन आणि लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलेले आकडे आहेत. आपला डोळा हिरवट-पिवळ्याला जास्त दाद देतो, निळ्याला कमी. त्यामुळे कोरलला भरपूर मिळणारा निळा प्रकाश लक्स मीटरवर फिका दिसतो. मोबाइलमधलं लक्सचं अ‍ॅप उघडून गिऱ्हाइकाला आकडा दाखवणारे मी पाहिलेत. बंद करा ते.

जो आकडा लागतो त्याला पीएआर म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले, शेवाळाला वापरता येतील असे प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात, त्याचं हे माप. एकक मायक्रोमोल. मोकळ्या आकाशाखाली भर दुपारी हा आकडा २००० च्या आसपास जातो. टँकमध्ये त्याची गरज नसते. मऊ कोरलला ५० ते १५०, मोठ्या मांसल पॉलिपच्या कठीण कोरलला साधारण १०० ते २००, आणि बारीक फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरासारख्या कोरलला २०० ते ४००, असा अंदाज या छंदातले लोक धरून चालतात. हे वरच्या पाण्यात नाही, जिथे कोरल बसणार त्या जागेवर मोजायचं. मध्यभागी ३०० आणि कोपऱ्यात ८०, असं एकाच टँकमध्ये अगदी सहज निघतं.

"मग दुपारसारखा फुल ठेवू ना, जास्त तेवढं चांगलं," हा गिऱ्हाइकाचा आवडता युक्तिवाद. समुद्रात दुपारचा कळस थोडा वेळ असतो, सकाळ-संध्याकाळ प्रकाश तिरपा आणि मवाळ. म्हणून दिवसभराची बेरीज बघायची. २०० मायक्रोमोल १० तास दिले तर दिवसाला ७.२ मोल होतात. १००० दिले तर ३६. एवढं एकदम अंगावर आलं, त्यात पाणी तापलेलं असलं, की कोरल आपलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. नवीन लाइट लावताना निम्म्या ताकदीवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. एवढं साधं काम गिऱ्हाइकाला घरी जाऊन करून देणारा माणूस मिळत नाही, आणि तीच तुमची जागा आहे.

हिशोब करून बघा. पाण्याखाली चालणारं, एलईडीचा गडद निळाही नीट वाचणारं चांगलं मीटर पाच आकडी किमतीचं आहे. समजा ५०,००० पडले. एका भेटीचे १००० घेतलेत, प्रवासाचे ३०० गेले, तर ७२ भेटींत मीटर सुटलं. आणि भेट एकदाच नसते. काचेवर मीठ चढतं, लेन्सवर धूळ बसते, टी-फाइव्ह ट्यूब असेल तर वर्षभरात उतरते, मग पुन्हा मोजावं लागतं. लाइट एकदा विकला जातो, मोजमाप दर सहा महिन्यांनी. विजेचा आकडाही आधीच सांगा: १०० वॉटचा लाइट १० तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३०. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर याच्या कितीतरी पुढे जाईल. हे बिल आल्यावर कळलं की गिऱ्हाईक तुटतं.

आता कायद्याचं. यावर व्हिडिओ बनवणारे फारसे बोलत नाहीत, म्हणून मी थोडं जोर देऊन सांगतो. रीफ बांधणारी कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची कोरल २०२० मध्ये हलवायची होती, तेव्हा महापालिकेलाही वन खात्याची परवानगी घ्यावी लागली होती. तुम्ही-आम्ही कोण? परदेशातून आणायचं म्हटलं तरी कठीण कोरल सायटीसच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यांचा परवाना वेगळा, आयातीच्या परवानग्या वेगळ्या. "सगळे विकतात, काही होत नाही" हा बिझनेस प्लॅन नाही. ज्याच्याकडे कठीण कोरल आहे त्याचं काम घेण्याआधी कागद बघा. कागद नसतील तर काम सोडा. शंका असेल तर वन खात्याला लेखी विचारा, तोंडी नको.

मग तुम्ही म्हणाल, सर, गिऱ्हाईक उरलं कुठे? प्रश्न रास्त आहे. शुद्ध रीफ टँकवर दुकान चालेल असं मला वाटत नाही. पण तेच मीटर गोड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या टँकला लागतं. तिथे साध्या झाडांना ३० ते ५० पुरतात, हौशी माणसाला १०० च्या आसपास हवे असतात, आणि असे टँक घरोघरी, हॉटेलांत, दवाखान्यांत वाढतायत. रोजची भाकरी तिथे आहे. ज्याच्या समुद्री टँकमध्ये फक्त मासे आहेत, त्याला महागडा रीफ लाइट विकूच नका. माशांना दिवस-रात्र कळण्यापुरता साधा लाइट बास. त्या दिवशी तुमचे काही हजार जातील खरे. पण त्याच माणसाच्या टँकची वर्षाची देखभाल कोणाकडे जाईल, याचा विचार करा.

सुरुवात करणार असाल तर बिलबुकासोबत एक वही ठेवा. प्रत्येक टँकचं एक पान. लाइट पाण्यापासून किती उंच, किती टक्क्यांवर, किती तास, तळाला, मध्ये आणि वर पीएआर किती, तारीख. त्याचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली पुढच्या मोजमापाचा महिना लिहा.