‘तुम्ही सांगाल त्या इसमाच्या नावे’



भूम तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांवरून गेल्या काही महिन्यांत आमच्या हाती इसारपावत्या येऊ लागल्या आहेत. काही पाचशेच्या स्टँपवर टाईप केलेल्या, काही नुसत्या वहीच्या पानावर. गावं वेगळी, लिहिणारे हात वेगळे, पण एक ओळ सगळ्यांत तीच. उरलेली रक्कम मुदतीत घेऊन सदर जमिनीचे खरेदीखत ‘तुमच्या अगर तुम्ही सांगाल त्या इसमाच्या नावे’ करून देईन. ही ओळ तुम्हाला वाचून दाखवली होती का, असं आम्ही अंगठा देणाऱ्यांना विचारलं. बहुतेक जण म्हणाले, वाचली असंल, ध्यानात न्हाई.

सगळा धंदा या ओळीत आहे, म्हणून आज तिच्यावरच लिहितो आहोत.

दलाल म्हणतो, मी तुमची जमीन घेतो. तो घेत नाही. त्याच्याकडे तेवढा पैसा नसतो आणि त्याला तो लागतही नाही. तो वीस-पंचवीस हजार टेकवतो, अंगठा घेतो आणि तो कागद खिशात घालून खरं गिऱ्हाईक शोधायला निघतो. गिऱ्हाईक मिळालं की आपल्याला ठरलेला भाव आपल्याला, वरचा सगळा त्याला. खरेदीखतावर त्याचं नाव कुठंच लागत नाही. गिऱ्हाईक नाहीच मिळालं तर तो इसार सोडून देतो, नाहीतर दंडुका घेऊन परत मागायला येतो. म्हणजे विक्रीला असते ती आपली सही. जमीन नंतरची.

एका वस्तीवरच्या म्हातारीचं सांगतो. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय. सरकारकडून मिळालेली 2 एकर 10 गुंठे जमीन, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2. पोरगा ऊसतोडीला गेला होता, तिथं ट्रॉलीखाली पाय आला. बार्शीला दवाखान्यात घातला. अनामत भरल्याशिवाय आत घेईनात. तिसऱ्या दिवशी एक जण मोसंबी घेऊन खाटेपाशी आला. ओळखीचा नव्हता, ओळखीच्याच्या ओळखीचा. म्हणाला, मावशे, जमिनीपेक्षा लेकरू मोठं. हे त्याचं बोलणं खोटं होतं असं कोण म्हणेल? 25 हजार दिले, एकरी 4 लाख ठरवले, तिथंच दवाखान्याच्या जिन्यात अंगठा घेतला. दोन महिन्यांनी मोजायला माणसं आली तेव्हा त्यांच्या तोंडून कळलं की त्यांच्या मालकाला हीच जमीन एकरी 9 लाखांनी सांगितली आहे. हिशेब करा. म्हातारीला 9 लाख, गिऱ्हाइकाकडून 20 लाख 25 हजार, आणि मधले सव्वाअकरा लाख त्या मोसंब्यांचे.

या धंद्याची आता शिकवणी मिळते. मोबाईलवर फुकट. अमेरिकेत याला जमीन-घरांचं होलसेलिंग म्हणतात, तिथं रस्त्याकडेच्या खांबांवर ‘आम्ही घरं विकत घेतो’ अशा पाट्या ठोकलेल्या असतात. शिकवणीतला पहिला धडा असा, की चांगली जमीन शोधू नका, गरजू विकणारा शोधा. ज्याच्या घरात मयत झाली, भावाभावांत वाटणी अडली, कर्जाचा हप्ता थकला, कोर्टाची तारीख लागली, तो भावात घासाघीस करत नाही. आणि तिथल्या इलिनॉय राज्याला 2019 साली कायदा करावा लागला, की बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा असा कागद फिरवणाऱ्यानं दलालीचा परवाना घेतलाच पाहिजे. आपल्याकडे 2016 च्या रेरा कायद्यानं एजंटाला नोंदणी लावली, ती शहरातल्या बांधकाम प्रकल्पांपुरती. बांधावरच्या दलालाला ना नोंदणी, ना परवाना, ना पावतीपुस्तक.

आम्ही पारधी. फासा कुठं लावायचा हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तितर जिथं पाण्याला उतरतं तिथं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आमची शिकार बंद झाली, यांची चालू आहे. आपण पाण्याला कुठं उतरतो ते यांना ठाऊक आहे. दवाखान्यात. पोलीस ठाण्यात, जिथं चोरी कुठंही झाली तरी आमचीच पोरं उचलतात आणि जामिनाला पैसा लागतो. मुकादमाच्या दारात, जिथं उचल फिटलेली नसते. आणि सातबाऱ्यावर. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा लिहिलेला असतो, आणि सातबारा आता कुणालाही मोबाईलवर बघता येतो. पूर्वी कुणाच्या घरात किती कर्ज आहे हे कळायला गावात राहावं लागे. आता पुण्यात बसून आपल्या गटनंबरातली अडचण वाचता येते.

त्यात पवनचक्क्या आल्या. भूम, वाशी, कळंबच्या माळांवर पाती फिरू लागली आणि ज्या मुरमाड रानाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं त्याची विचारपूस सुरू झाली. टॉवरला जागा, रस्त्याला जागा, तारांना जागा. वीज नको असं आमचं म्हणणं नाही. आमच्या कित्येक पालांवर अजून ती आलेलीच नाही, तेव्हा आम्हाला तर ती आधी पाहिजे. पण टॉवर कुठं बसणार हे जमीनवाल्याला सगळ्यात शेवटी का कळतं? दलालाला आधी कळतं, मग तो इसार करतो, मग कंपनीचा माणूस गाडीतून उतरतो. सौरऊर्जेचंही तसंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारनं खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार भाडं ठरवलं, म्हणजे एकरी 50 हजार. हा आकडा पाठ करा. तुमच्याकडून एकरी 15 हजारानं भाड्याचा कागद करून घेणाऱ्याला तो पाठ आहे.

गायरानावरच्या आपल्या लोकांची तर वेगळीच गत. जमीन कसतो, पीक काढतो, पण नावावर नाही. फार तर तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत अतिक्रमण म्हणून नाव. तिथं दलाल विकत काय घेणार? तो कब्जा सोडल्याचं पत्र घेतो. ‘राजीखुशीनं ताबा सोडत आहे.’ चाळीस वर्षांची वहिवाट पाच हजारांत. पुढे 1991 च्या शासन निर्णयाखाली ती वहिवाट नावावर करून मागायला गेलात की हेच पत्र तुमच्यासमोर टाकतील.

कायदा काय म्हणतो? आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण त्यांच्या परवानगीनं, त्याहून जास्त काहीही असेल तर वर राज्य सरकारचीही मान्यता. हे कलम 1974 साली आलं. 29 वर्षांचा भाडेकरार घेऊन कुणी आला तर पहिला प्रश्न हाच विचारा, की परवानगीचा कागद दाखव. इसारपावतीनं मालकी जात नाही. खरेदीखत नोंदवल्याशिवाय कुणी मालक होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन विकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं आहे. पण म्हणून इसारपावती म्हणजे रद्दी असं समजू नका. तिच्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. दलालाला दावा जिंकायचाही नसतो. तारखा लागल्या की आपण थकतो आणि सही करून मोकळे होतो, एवढ्यावर त्याचं भागतं. कोर्टाची नोटीस आली तर चुलीत घालू नका, घेऊन या.

आता खरं दुखणं. म्हातारीच्या दलालाला आम्ही 36 अ सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, ही आदिवासी आहे याचा कागद कुठाय? आणि कागद नव्हता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. त्या काळात आमचे आजे निजामाच्या मुलखात पाल पाठीवर घेऊन फिरत होते. शाळा नाही, घर नाही, जमीन नाही. नाव लिहिलेलं असेल तर पोलिसांच्या दप्तरात. गुन्हेगार ठरवताना जात बरोबर लिहिली होती सरकारनं, जमीन वाचवायची वेळ आली की तीच जात सापडत नाही. दाखला नाही तोवर 36 अ चं कुंपण कागदावरच. म्हणून आम्ही म्हणतो, की जमिनीचा लढा आणि दाखल्याचा लढा वेगळे काढू नका. भूमच्या तहसीलनं वस्तीवर येऊन, घर ते घर चौकशी करून दाखले द्यावेत, आणि ज्यांचे दाखले आहेत त्यांच्या सातबाऱ्यावर 36 अ चा शेरा मारावा. जो शेरा बोजा म्हणून बँकेसाठी एका दिवसात चढतो तो आमच्यासाठी वर्षानुवर्षं का चढत नाही?

आमच्यातलेच काही जण म्हणतात, हे कुंपणच आपल्याला नडतंय. परवानगीच्या भानगडीमुळे आपल्या जमिनीला भाव येत नाही, शेजारच्या मराठ्याच्या, माळ्याच्या रानाला दुप्पट मिळतो. सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनीही जाहीर केलं, की आदिवासींना आपली जमीन खासगी लोकांना सरळ भाड्यानं देता यावी असा कायदा आणू. भाव पडतो हे खरं आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण शेजाऱ्याच्या जमिनीला कुंपण नाही, तरी दवाखान्यात त्याचा अंगठा घेतला तेव्हा त्यालाही भाव मिळालेला नाही. अशा पावत्या आमच्याकडे फक्त पारध्यांच्या आल्या नाहीत. भाव पडतो तो गरजेच्या दिवशी. कुंपण काढलं तर तेच लोक आत येतील, मोसंब्या घेऊन.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. यातल्या दोन पावत्यांवर साक्षीदार म्हणून आपल्याच वस्तीवरच्या पोरांच्या सह्या आहेत. दहावी झालेली, संघटनेच्या मोर्चात पुढं घोषणा देणारी पोरं. दलाल त्यांना कागदामागे पाच हजार देतो, कारण कुणाच्या घरात काय अडलंय हे त्याच्यापेक्षा त्यांना बरं ठाऊक. आम्ही एकाला विचारलं. तो म्हणाला, “दोन वरसं झाली फिरतोय, कुनी काम दिलं न्हाई. ह्यानं दिलं.” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्याला संघटनेतून काढलेलं नाही. गेल्या बैठकीत यावरून भांडण झालं, अजून मिटलेलं नाही, आणि ज्यांना तो नको आहे त्यांचंही आम्हाला चुकीचं वाटत नाही. त्यानं मात्र सांगितलेली एक गोष्ट उपयोगाची आहे. दलाल नेहमी एकट्याला गाठतो. दोन माणसं असली तर चहा पाजून परत जातो.

घेतलेला इसार बुडवा असं आम्ही कुणाला सांगणार नाही. तसं केलं तर उद्या आपल्या शब्दाला किंमत राहत नाही, आणि पोलिसांना निमित्त मिळतं ते वेगळंच. म्हातारीचे 25 हजार वस्तीनं वर्गणी करून जमवले. कुणी शेळी विकली, खव्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या बायांनी आठवड्याची मजुरी दिली. दलाल रोख घेईना, म्हणाला मला जमीन पाहिजे, पैसा नको. मग ते मनीऑर्डरनं पाठवले, घेतले नाहीत, परत आले. परत आल्याची पोस्टाची पावती आम्ही जपून ठेवली आहे आणि वकिलामार्फत त्याला लेखी कळवलं आहे. जिथं इसाराच्या नावाखाली मुळात व्याजाचा पैसा आहे तिथं 2014 चा सावकारी कायदा लागतो. विनापरवाना सावकारानं गेल्या पंधरा वर्षांत अशी घेतलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. असे तीन अर्ज तयार आहेत.

येत्या आठवडी बाजारादिवशी अकरा वाजता आपण भूमच्या तहसीलसमोर बसणार आहोत. येताना घरात असलेली प्रत्येक इसारपावती, भाडेकरार, ताबापत्र, मुखत्यारपत्र घेऊन या, कोऱ्या कागदावर अंगठा दिला असेल तर तेही न लाजता सांगा. नक्कल आम्ही ठेवू, अस्सल तुमच्याकडेच राहील. छपाई पुसट आली असेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून हे पान वाचून घ्या. आणि म्हातारीचा पोरगा घरी आला आहे. पाय वाचला, या हंगामाला मात्र कोयता उचलता येणार नाही. उचल मुकादमाची अजून शिल्लक आहे, आणि मुकादमानं कालच निरोप धाडला की त्याच्या ओळखीत जमीन घेणारा एक जण आहे.