जनावर पाळणाऱ्याच्या बाजूने कोण?

बकरी ईद जवळ आली की महाराष्ट्रात एकच वाद रंगतो : मुसलमान काय खातात? टीव्हीवर तोच, व्हॉट्सॲपवर तोच, आणि आपली शिकलेली मुलेमुलीही रात्र-रात्र त्यालाच उत्तरे देत बसतात. माझे म्हणणे साधे आहे. खाणाऱ्याचा प्रश्न नंतरचा, आधी पाळणाऱ्याचा प्रश्न आहे. आणि हा पाळणारा मराठा असतो, कुणबी असतो, धनगर, आगरी, आदिवासी असतो, तसा आपल्यातलाही असतो.

कायदा काय आहे ते आधी पाहू. राज्यात गोहत्याबंदीचा कायदा १९७६चा. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५मध्ये केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती मार्च २०१५मध्ये लागू झाली. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशींवर बंदी नाही, कत्तलीआधी प्रमाणपत्र लागते. शेळी-मेंढी तर या कायद्यात येतच नाही.

आता शेतकऱ्याचा हिशेब. पूर्वी थकलेला बैल बाजारात विकायचा, वर थोडी भर घालायची आणि तरणा बैल आणायचा, ही त्याची पद्धत होती. ती मोडली. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटले आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर केले. म्हणजे जनावराच्या पोटाला दिवसाला निदान ५० रुपये लागतात, हे सरकारनेच मान्य केले. वर्षाचे झाले १८,२५० रुपये. हा खर्च गोशाळेने केला तर अनुदान, आणि भाकड जनावर स्वतःच्या दावणीला बांधून सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला? काही नाही. गाईवर इतके प्रेम असेल तर पैसे गोठ्यात पोहोचू द्या.

२०२५मध्ये तर गोसेवा आयोगाने ईदच्या आठवड्यात, ३ ते ८ जून, जनावरांचे बाजार भरवू नयेत असे पत्र बाजार समित्यांना धाडले. आयोगाचा संबंध गाईशी. पण बाजार बंद म्हणजे बोकड आणि मेंढाही बंद. वर्षभर पोसलेला बोकड ज्या आठवड्यात चार पैसे देतो, तोच आठवडा हिरावून घ्यायचा! टीका झाल्यावर आयोगाला पवित्रा बदलावा लागला. पुढे रस्त्यावर गाड्या अडवून होणाऱ्या मारहाणीला आणि लुटीला कंटाळून कुरेशी समाजाने खरेदीच थांबवली. तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकरीही बोलू लागले. सदाभाऊ खोत यांच्यासारखा शेतकरी चळवळीतून आलेला, सत्ताधाऱ्यांसोबतचा नेताही तथाकथित गोरक्षकांविरुद्ध उभा राहिला. मग तपासणी पोलिसांनीच करावी, खासगी माणसांनी नव्हे, अशा सूचना निघाल्या. दोघांचे पोट एकाच व्यवहारावर आहे, हे लोकांना तेव्हा दिसले.

म्हणून आता आपल्या लोकांशी बोलतो. मी भिवंडीत राहतो. या शहराची ओळख यंत्रमाग आणि गोदामे. पण आजूबाजूच्या गावांत म्हशी आहेत, शेळ्या आहेत, आणि पावसाळा सरला की घाटावरून धनगरांचे वाडे ठाणे जिल्ह्यात उतरतात. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, म्हणून मित्र सुचवतात, “ॲप काढ ना.” ॲपची कमी नाही. योजनेचे अर्जही ऑनलाइनच आहेत. कमी आहे ती अर्ज भरून देणाऱ्या माणसाची.

दहा शेळ्या आणि एक बोकड, या गटासाठी राज्याची योजना आहे. सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान मिळते. धनगरांसाठी २०१७पासून महामेष योजना आहे : २० मेंढ्या, एक नर, ७५ टक्के अनुदान. किसान क्रेडिट कार्ड पशुपालकालाही मिळते. जून २०२४पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. तो बिल्ला आणि आरोग्य दाखला जवळ असेल तर रस्त्यात अडवणाऱ्याचे अर्धे बळ तिथेच संपते. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचली तर कळप वाचतो. हे सगळे कागदावर आहे. गोठ्यापर्यंत नेणारे कोणी नाही.

ते काम आपण करू शकतो. बाजाराच्या आदल्या दिवशी मोहल्ल्यातली चार पोरे लॅपटॉप घेऊन बसली तरी पुरे. अर्ज भरा, दाखल्यांच्या प्रती काढून द्या, १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यातला तो अधिकारी कोण, हे माहिती अधिकारात विचारा आणि ट्रकवाल्यांना त्याचे नाव द्या. कुर्बानीचा बोकड शक्य असेल तिथे थेट पाळणाऱ्याकडून, वजन करून, योग्य भावात घ्या. मदत मागणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे मात्र विचारू नका.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. आहेच, आणि ते सरकारकडून करून घ्यायचेच आहे. पण ज्या धनगराचा अर्ज तुम्ही भरून दिलात, ज्या कुणब्याच्या म्हशीचा दाखला काढून दिलात, तो उद्या तुमच्याबद्दल पसरवलेल्या कोणत्याही गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. टीव्हीवरच्या वादातून ही ओळख होत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी कोण येतो?