पुस्तक बाबांना, कढई आईच्या हातात!

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

आपल्याकडे कुणाला हार्ट अटॅक आला की भेटायला येणारी माणसं तीन गोष्टी घेऊन येतात. शहाळं, सल्ला आणि पुस्तक. शहाळं त्याच दिवशी संपतं. सल्ला कधीच संपत नाही. आणि पुस्तक? ते दोन दिवस उशाशी राहतं आणि मग शोकेसमध्ये जाऊन बसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. हृदयरोग्यांसाठी लिहिलेली पुस्तकं वाईट नसतात, काही तर फारच चांगली आहेत. पण ती चुकीच्या माणसाच्या हातात पडतात, त्याच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत पडतात, आणि बऱ्याचदा एकच पुस्तक वाचून सगळ्या घराला कायदे लावले जातात. हे तिन्ही बदलता येईल आणि त्यात आपण हॉस्टेलवाले मदत करू शकतो.

"हा विषय कॉलेजच्या अंकात कशाला?" असं कुणी विचारेल. मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचे आईबाबा आज पंचेचाळीस ते पंचावन्नच्या घरात आहेत. आणि भारतीयांना हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षं आधी गाठतो, असं डॉक्टर मंडळी सांगत आली आहेत. आपल्या स्टाफमधले कितीतरी सर, मॅडम, काका याच वयातले आहेत. तेव्हा हा विषय आजोबांचा नाही, आपल्याच घरचा आहे.

आता पुस्तकांकडे वळूया. मराठी माणसाला पहिलं पुस्तक द्यायचं तर माझं मत डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ला. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करणारा डॉक्टर ऐन चाळिशीत स्वतःच पेशंट होतो आणि मग आपलं जगणं उघडून बघतो. आहार, व्यायाम, ध्यान, कामाची घाई, जवळची माणसं, सगळं त्यात येतं. अटॅकनंतर बरेच पेशंट गप्प होतात, घाबरतात, निराश होतात. "तुम्ही एकटे नाही" हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते डॉक्टरनेच पेशंट होऊन सांगितलं तर जास्त पटतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी पुस्तकाला मला इंग्रजीच्या दुप्पट वेळ लागतो. तरी हे पुस्तक मी खाली ठेवलं नाही.

इंग्रजीत सगळ्यात गाजलेलं नाव डॉ. डीन ऑर्निश यांचं. 'रिव्हर्सिंग हार्ट डिसीज' या नावाने ओळखला जाणारा त्यांचा ग्रंथ 1990 साली आला आणि त्याच वर्षी त्यांचा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार (एकूण कॅलरीपैकी सुमारे 10 टक्केच चरबीतून), व्यायाम, तणाव कमी करण्याचे उपाय, सिगारेट बंद. 'रिव्हर्स' शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, ब्लॉकेज साफ! पण आपण इंजिनिअर ना, मग आकडे बघायला हवेत. एका वर्षानंतर प्रयोगातल्या गटाचं सरासरी ब्लॉकेज 40.0 टक्क्यांवरून 37.8 वर आलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचं 42.7 वरून 46.1 वर गेलं. म्हणजे दिशा नक्की बरोबर होती, छातीतलं दुखणंही खूप कमी झालं. पण प्रयोगात घेतलेली माणसं होती फक्त 48! शिवाय प्रयोगातल्या लोकांना आठवड्यातून दोनदा एकत्र भेटून मार्गदर्शन मिळत होतं. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते मिळत नाही. त्याला फक्त छापील पानं मिळतात.

दुसरं गाजलेलं पुस्तक डॉ. कॉल्डवेल एसेलस्टिन यांचं, 2007 सालचं. हे आणखी कडक आहे. तेलाचा थेंब नाही, दूध नाही, मासे नाहीत, हृदयरोग्याला बदाम-शेंगदाणेसुद्धा बंद. त्यांच्या मूळ अभ्यासात वीसेक रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लॅबमध्ये आपण असं जर्नल दिलं तर सर सही करतील का?

आता याच्या अगदी उलटी बाजू बघा. स्पेनमधल्या कॉर्डोबा इथे आधीच हृदयरोग असलेल्या 1002 लोकांवर सात वर्षं अभ्यास झाला आणि तो 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल, सुकामेवा, मासे, भाज्या असा भूमध्य समुद्राकडचा आहार. हृदयाचे पुढचे झटके आणि तत्सम त्रास दुसऱ्या गटात कमी झाले. म्हणजे तेल सगळंच वाईट नाही, कोणतं आणि किती हा प्रश्न आहे. (लगेच ऑलिव्ह तेलाचा महागडा डबा आणायला धावू नका. आपल्याकडे करडई आहे, मोहरी आहे, शेंगदाणा आहे.)

मग सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं? मला वाटतं, एकमेकांशी भांडणारी पुस्तकं जिथे एकमताने बोलतात तेवढं आधी घरात आणायचं. भाज्या, डाळी, कडधान्यं, अख्खी धान्यं जास्त. मीठ, साखर, तळण, वनस्पती तूप कमी. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद. एवढं जमलं तरी निम्मी लढाई झाली. उरलेल्या भांडणाचा निकाल आपल्या डायनिंग टेबलवर लावायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहायला हवी. कुठलंही पुस्तक वाचून गोळ्या बंद करायच्या नाहीत. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पुस्तकाला तुमच्या गोळ्या माहीत नसतात. वॉरफरिन घेणाऱ्याने एकदम पालकावर ताव मारला तर औषधाचं गणित बिघडतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ बहुतेकदा पोटॅशियमचं असतं, ते किडनीच्या पेशंटला आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरू शकतं. हार्ट फेल्युअर असेल तर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागू शकतं. तेव्हा पुस्तक घेऊन डॉक्टरकडे जा, डॉक्टरऐवजी पुस्तक नको.

आता खरा मुद्दा, पाककृतींच्या पुस्तकांचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कुकबुक 1973 पासून निघतंय, बऱ्याच आवृत्त्या झाल्या. फार शिस्तीचं पुस्तक! प्रत्येक पदार्थाखाली एका वाढपात किती सोडियम, किती चरबी, सगळं लिहिलेलं. पण आत बघा तर टर्की, ब्रोकोली, औंस आणि कप. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याचं काय करायचं?

आमच्या घरी हेच झालं. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यावर नातेवाइकांनी तीन इंग्रजी पुस्तकं दिली. बाबा ती वाचायचे आणि जेवताना त्यातलं एकेक वाक्य आईला ऐकवायचे. आई मराठी माध्यमातली. ती एक दिवस मला म्हणाली, "अगं, ते 'पर सर्व्हिंग' म्हणजे नेमक्या किती वाट्या? तेवढं सांग, बाकीचं मी बघते." तिने विचारलं ते एका ओळीत होतं, पण तिन्ही पुस्तकांत त्याचं उत्तर नव्हतं. पुस्तक मिळालं होतं बाबांना आणि कढई होती आईच्या हातात!

त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते तरला दलाल यांचं 'हेल्दी हार्ट कुकबुक'. सगळं शाकाहारी, पदार्थ आपले. डॉ. बिमल छाजेड यांची बिनतेलाच्या स्वयंपाकाची पुस्तकंही बरीच खपतात. तेल शून्यच हवं हे मला पटत नाही, कारण वर सांगितलं. पण मसाला कोरडा भाजून किंवा पाण्यावर परतून चव येते, हे शिकायला ती चांगली. पळीभर तेलाच्या फोडणीची सवय असलेल्या हाताला चमचाभर तेलावर यायला यातून धीर येतो.

आणि तरीही माझं मत कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ला! हसू नका. 1970 साली आलेलं हे पुस्तक हृदयरोग्यांसाठी लिहिलेलं नाही. पण ते आधीच घरात आहे, मराठीत आहे आणि त्यात वाटी-चमच्याचं प्रमाण आहे. प्रमाण असलं की बदल करता येतो. 'अंदाजाने' घातलेलं तेल निम्मं कसं करणार? दोन चमचे असेल तर एक करता येतो. पेन्सिल घ्या आणि आपल्याच पुस्तकात खुणा करा. तेल निम्मं. मीठ चमच्याने मोजून, आणि चवीची कसर आमसूल, लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर यांनी भरून काढायची. वाटणात खोबरं निम्मं, कांदा दुप्पट. जुन्या पाककृतींत डालड्याचं मोहन दिसेल तिथे सरळ काट मारायची. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, मेथीची भाजी, कोशिंबीर हे तर आपलं रोजचंच जेवण, त्याला परदेशी नाव द्यायची गरज नाही.

मिठाचं एक सोपं गणित देते, त्याला पुस्तकही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चार माणसांच्या घरात दिवसाला 20 ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरायला हवा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचं खाणं धरलं तर त्याहूनही जास्त. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका. महिन्यात संपला तर कुठल्याही तज्ज्ञाला विचारायला नको. (इंग्रजी पुस्तकात सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ.) हीच तारखेची युक्ती तेलाच्या डब्यालाही चालते.

अजून एक. बाबांसाठी वेगळं अळणी पातेलं आणि बाकीच्यांसाठी चमचमीत, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्यात बाबांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं आणि आईला दोनदा स्वयंपाक करावा लागतो. शिवाय आईलाही हृदय आहे! बायकांमध्ये हा आजार कधी नुसता दम लागणं, थकवा, मळमळ अशा रूपात येतो, आणि घरात "कामाने दमली असेल" म्हणून सोडून दिलं जातं. जे जेवण बाबांच्या हृदयाला चांगलं ते आईच्या आणि आपल्याही हृदयाला चांगलंच. एकच पातेलं, सगळ्यांसाठी.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, लायब्ररीत एक छोटा कप्पा या पुस्तकांसाठी ठेवावा, आणि तो शिपाई काकांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांना खुला असावा. वरची पुस्तकं ठेवली तरी पुरे. सोबत डॉ. संदीप जौहर यांचं 'हार्ट: अ हिस्टरी' (2018) ठेवा, ते खास आपल्यासाठी. हृदय हा पंप दुरुस्त करायला माणसाने किती खटपट केली ते त्यात वाचायला मिळतं. बाय द वे, हृदयाच्या धमनीतली पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी 1977 साली करणाऱ्या आंद्रेआस ग्रुंट्झिगने आपले फुगे घरच्या किचन टेबलावर बसून बनवले होते. म्हणजे स्वयंपाकघर आणि कार्डिओलॉजी यांचं नातं जुनंच आहे!

दुसरी सूचना मेस कमिटीला. टेबलावरची मिठाची बाटली उचला, पापड रोज नको, तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. आपण विशीत आहोत म्हणून चालतं, असं म्हणू नका. मेसमधले काकाही तेच जेवतात, आणि ते पन्नाशीचे आहेत.

तिसरी सूचना आपल्या सगळ्यांना. इंग्रजी आपल्याला येतं, गुगल येतं, युनिट कन्व्हर्जन तर पहिल्या वर्षापासून येतं. या सुट्टीत घरी गेलात की एका इंग्रजी पुस्तकातल्या दहा पाककृती वाटी-चमच्यात, आपल्या भाषेत लिहून काढा आणि ओट्याजवळ चिकटवा. आणि मुलग्यांनो, नुसतं चिकटवून पळू नका, त्यातली एक भाजी स्वतः करा. पुढच्या वेळी कुणाच्या घरी पेशंटला भेटायला जाल तेव्हा पुस्तक जरूर न्या. फक्त देताना आधी विचारा, "घरी स्वयंपाक कोण करतं?" आणि ते त्याच माणसाच्या हातात द्या.