इंग्रजीचे वाक्प्रचार तोंडपाठ, पण बोलताना गाडी अडते. चूक पुस्तकाची की पद्धतीची?

'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. दहावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण 'आजी माझ्या लहान भावाला सांभाळते' हे इंग्रजीत सांग म्हटलं, की गप्प. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकूनही ही वेळ का येते?

एक कारण परीक्षेत आहे. दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत वाक्प्रचार वापरून वाक्य करायला सांगतात. मग गाइडमधलं तयार वाक्य पाठ केलं जातं. गुण मिळतात, भाषा मात्र येत नाही.

खरं तर बालभारतीच्या पुस्तकात वाक्प्रचार धड्यातल्या प्रसंगात येतो. कोण, कुणाला, कशावरून म्हणालं, हे तिथं कळतं. गाइड तोच शब्द उचलून यादीत टाकतं आणि प्रसंग मागेच राहतो. पोर्शन संपवायच्या घाईत वर्गातही धड्यापेक्षा यादीच पुढे येते.

वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून कळत नाही, हे गावातल्या पोरांना नवीन नाही. बऱ्याच दिवसांनी आलेल्या पाहुण्याला 'उंबराचं फूल' म्हटलं, तर कुणी झाडाकडे बघत नाही. मग 'वन्स इन अ ब्लू मून' सांगताना निळ्या चंद्राचं भाषांतर कशाला? आधी उंबराचं फूल आठवून द्यावं, मग इंग्रजी सांगावं. अर्थ लगेच बसतो.

निवडही महत्त्वाची. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हौसेनं पाठ करून घेतात, पण आजच्या बोलण्यात ते कमीच ऐकू येतं. रोज लागतात ते 'फिल इन', 'गिव्ह अप', 'रन आउट' असे छोटे शब्द. 'लॉग इन' आणि 'साइन अप' तर मोबाइल हाताळता हाताळता सगळेच शिकले, तेही गाइडशिवाय. वापर झाला की शब्द टिकतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. पण नव्या पुस्तकाचीही यादीच झाली, तर काय फरक पडणार? पालकांनी एवढं करावं: गाइडवर खर्च करण्याआधी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तक मोफत उतरवून घ्यावं. आणि रोज एक वाक्प्रचार घेऊन पोराला विचारावं, "आज आपल्या घरात हे कुठं म्हणता येईल?"