ई-रीडर बदला, पण बेताने

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरच्या सूचनांमध्ये एक ओळ असते: हे यंत्र ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावे. पारशिवनी तालुक्यातल्या कन्हानमध्ये उन्हाळा सुरू झाला, की ही मर्यादा दुपारी रोजच ओलांडली जाते आणि मे महिन्यात पारा ४५ च्याही पुढे सरकतो. यंत्र तरीही चालते, हा भाग वेगळा. पण ते बनवताना डोळ्यासमोर कोणता वाचक होता, हे त्या एका ओळीतून कळते. आतली प्रणालीही त्याच वाचकासाठी लिहिलेली आहे. तो प्रामुख्याने इंग्रजीत वाचतो, पुस्तके कंपनीच्याच दुकानातून घेतो आणि ती त्याला कंपनीच्याच स्वरूपात मिळतात. कन्हानच्या मराठी वाचकाला हे यंत्र आपलेसे करायचे असेल, तर त्यात थोडा हात घालावा लागतो. तो जरूर घालावा. मात्र कंपनीची मूळ प्रणाली जितकी शाबूत ठेवता येईल तितकी ठेवावी, आणि एवढा बेताचा बदल करण्यापुरते दार कंपन्यांनी स्वतःहून उघडे ठेवावे.

आधी कंपनीच्या पदरात पडायचे ते माप टाकू. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठी पुस्तकेही किंडलवर आणली. दुकानातून घेतलेली मराठी कादंबरी किंडलवर चांगली वाचता येते, जोडाक्षरे तुटत नाहीत. पण मराठीतले डिजिटल वाङ्मय म्हणजे काही फक्त हे दुकान नव्हे. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने खुली केलेली पुस्तके, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती, यांतले बहुतांश पीडीएफमध्ये आहे. त्यालाही कारण आहे. आपल्याकडची अक्षरजुळणी वर्षानुवर्षे श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत झाली. त्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या तर पुन्हा मुद्रितशोधन आले, म्हणून प्रकाशकांनी सोपा मार्ग धरला आणि छपाईचे पान जसेच्या तसे पीडीएफ केले. डेमी आकाराचे ते पान सहा इंची पडद्यावर उघडले, की अक्षर मुंगीएवढे दिसते. मोठे करावे तर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसावे लागते. दहा पानांत माणूस कंटाळतो आणि ई-रीडर कपाटात जातो. केओरीडर हा मुक्त वाचन-प्रोग्राम समास कापतो आणि स्कॅन केलेल्या पानातलेही शब्द सुटे करून पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडतो. ही मांडणी नेहमीच सुबक होते असे नाही. अनुस्वार आणि वेलांट्या असलेल्या ओळी कधी कधी एकमेकींच्या अंगावर येतात, तरीही पुस्तक वाचण्याजोगे होते.

शब्दकोशाची गोष्ट आणखी अवघड. ई-रीडरवर शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो, ही त्याची छापील पुस्तकावरची सर्वांत मोठी सरशी. इंग्रजीत ते सहज साधते, कारण तिथे शब्दाची रूपे मोजकी. मराठीत 'झाड' कोशात सापडते. पण पुस्तकात 'झाडाखालच्या' असते, 'झाडांवरूनही' असते, आणि या रूपांची कोशाला ओळख नसते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची; ती कधीच स्वामित्वहक्काबाहेर गेली असून शिकागो विद्यापीठाने तिचे डिजिटल रूपही केलेले आहे. मुक्त प्रोग्राममध्ये असा कोश बाहेरून घालता येतो आणि सामान्यरूपे मूळ शब्दाशी जोडणारी यादीही त्याला देता येते. हे काम मराठी माणसालाच करावे लागेल, ॲमेझॉनच्या अभियंत्याच्या ते ध्यानातही यायचे नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचेही तसेच. मराठी शब्द लांब, पडदा अरुंद. दोन्ही बाजू सरळ ठेवल्या की मधे भगदाडे पडतात. मराठी शब्द कुठे तोडावेत याचे नियम संतोष तोट्टिंगल यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी केव्हाच तयार करून मोकळे ठेवले आहेत. ते यंत्रात घालू दिले पाहिजेत, इतकेच.

मग मूळ प्रणाली पुसून सगळेच नवे का बसवू नये? तसे प्रयत्नही आहेत. पोस्टमार्केटओएस नावाची मुक्त प्रणाली कोबो या कंपनीच्या क्लारा एचडी या ई-रीडरवर चढवता येते. तांत्रिक कसब म्हणून त्याचे कौतुक करावे, पण वाचकाला तो मार्ग सुचवू नये. कारण पडद्यातच दडलेले आहे. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण द्रवात तरंगतात आणि विजेच्या स्पंदांनी वर-खाली होतात. थंडीत द्रव दाटसर होतो, कण संथ चालतात. उष्णतेत ते चपळ होतात. म्हणून कोणत्या तापमानाला किती स्पंद किती वेळ द्यायचे, याचे तक्ते पडद्याबरोबर कारखान्यातून येतात आणि यंत्र आपल्या तापमापकाकडे पाहून त्यातला योग्य तक्ता निवडते. हा व्यवहार बिघडला की पडद्यावर आधीच्या पानाची भुते राहतात, अक्षर फिकट पडते. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत ३५ अंशांचे अंतर सहज पडणाऱ्या विदर्भात तर या थराला बोट न लावलेलेच बरे. बॅटरीचेही तेच. दोन पानांच्या मधल्या वेळात यंत्र जवळजवळ झोपी जाते म्हणून एका चार्जवर आठवडे निघतात. ही झोप कंपनीच्या अभियंत्यांनी मापून बसवलेली असते. हौशी प्रणालीत ती मोडली तर आठवड्यांचे दिवस होतात. शिवाय विकत घेतलेली पुस्तके उघडण्याची किल्ली मूळ प्रणालीकडेच असते. ती पुसली, की पैसे मोजलेली पुस्तके त्या यंत्रापुरती गेलीच.

थोडक्यात बदल हवा तो वरच्या थरात: फॉन्ट, कोश, पीडीएफसाठी दुसरा वाचन-प्रोग्राम आणि तो उघडण्यासाठी मेन्यूत एक जास्तीची ओळ. कोबोवर हे किती शांतपणे होते ते पाहण्यासारखे आहे. कॅनडातल्या या कंपनीच्या मूळ प्रणालीचे नाव निकेल. तिच्या मेन्यूत आपली ओळ घालणाऱ्या छोट्या जोडणीचे नाव निकेलमेन्यू. एक फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. त्या ओळीवरून केओरीडर उघडतो आणि बंद केला की माणूस परत निकेलमध्ये येतो. दुकान, खरेदी केलेली पुस्तके, बॅटरीची झोप, सारे जागच्या जागी राहते. जोडणीमुळे यंत्र नीट सुरू होईना, तर ती आपोआप बाजूला होते, अशी सोयही तिच्यात आहे. कोबोने याला आशीर्वाद दिलेला नाही, पण दार खिळे ठोकून बंदही केलेले नाही. किंडलचे तसे नाही. तिथे सुरक्षेतली एखादी फट सापडावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला विंटरब्रेक नावाने अशी एक फट जाहीर झाली, आणि पुढच्या अपडेटमध्ये ॲमेझॉनने ती बुजवली. म्हणजे किंडलमध्ये दुसरा वाचन-प्रोग्राम बसवणाऱ्याला अपडेट रोखून धरावे लागतात.

आणि इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो. अपडेट रोखणे धोक्याचे आहे, हे खोटे नाही. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की मुद्दाम बिघडवलेले एक ई-पुस्तक उघडताच किंडलचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. ॲमेझॉनने ती चूक त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या अपडेटने दुरुस्त केली होती. संशोधकांनी आणखी एक गोष्ट बजावली: अशा पुस्तकाने एखाद्या विशिष्ट भाषेच्या वाचकांनाच नेमके गाठता येईल. कुठूनही आलेली फुकट मराठी पुस्तके न विचारता उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? वाचकाने बदल करू नये, हा एक. एवढ्या बदलासाठी वाचकाला सुरक्षेतली फट शोधायला लावू नये, हा दुसरा. मला दुसरा पटतो. फॉन्टप्रमाणे कोश आणि बाहेरचा वाचन-प्रोग्राम यांनाही कंपनीनेच अधिकृत जागा दिली, तर अपडेट रोखण्याची वेळच येणार नाही. तोवर, ज्याला किंडलच हवे आहे आणि अपडेटही चालू ठेवायचे आहेत, त्याने फॉन्टपर्यंतच थांबावे; ज्याला याहून जास्त हवे, त्याने यंत्र निवडतानाच कमी कुलपे असलेले निवडावे.

चोरीचा आक्षेप प्रकाशकांकडून येतो आणि मराठी प्रकाशकांची चिंता समजण्यासारखी आहे. मोबाइलवरून पीडीएफ फिरवणाऱ्यांनी त्यांचे नुकसान केलेच आहे. पण त्या चोरीला ई-रीडरमधला बदल कधी लागला नाही, आणि केओरीडर कुलूपबंद पुस्तक उघडतही नाही. आपला कायदा या बाबतीत बराच समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आले. संरक्षक तंत्र मोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र ते हक्कभंगाच्या हेतूने मोडले असेल तर. कायद्याने मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. त्याच कायद्याचे ५२ वे कलम रीतसर मिळवलेल्या संगणक-प्रोग्रामची प्रत करायला किंवा त्यात फेरफार करायला, खासगी आणि अव्यापारी वापरापुरती, मोकळीक देते. स्वतःच्या यंत्रावर मराठी कोश बसवणारा माणूस कायद्याच्या कडेला उभा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आणि मालकीचीच गोष्ट काढायची तर जुलै २००९ आठवावा. हक्कांच्या वादातून ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही विकलेली पुस्तके लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. नंतर माफी मागितली, हे खरे. पण २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर नेण्याची सोयही बंद झाली. कुलूप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न वाचकांनी उकरून काढलेला नाही.

वॉरंटी जाईल, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय साधा आहे, मुदत संपेपर्यंत थांबावे. मोबाइल असताना ई-रीडर कशाला, असे विचारणाऱ्यांनी भर उन्हात दोन्ही पडदे शेजारी धरून पाहावेत. उरतो तो आक्षेप असा, की हे सगळे चार हौशी तंत्रज्ञांचे खूळ आहे, सामान्य वाचकाचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, कारण हौशींनी केलेले बदलच पुढे सर्वांना मिळाले. किंडलमध्ये स्वतःचे फॉन्ट घालण्यासाठी लोक वर्षानुवर्षे खटपटी करत होते. २०१८ मध्ये ॲमेझॉनने त्यासाठी अधिकृत फोल्डर दिला. यंत्र बंद असताना पडद्यावर वाचत असलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसावे, म्हणून लोक जेलब्रेक करत, म्हणजे सुरक्षेतल्या फटीतून कंपनीचे कुलूप उघडत. २०२१ मध्ये ती सोय सेटिंगमध्ये आली. मोठी मागणी असणाऱ्या भाषांची गरज कंपनीला बाजारातून कळते. मराठीसारख्या भाषेची गरज दिसायची, तर आधी कोणीतरी ती स्वतः भागवून दाखवावी लागते. मूळ प्रणालीला चिकटून केलेला बदल कंपनीला सहज उचलता येतो, सगळे उखडून केलेला येत नाही.

बदलाला जोडूनच दुरुस्तीचा प्रश्न येतो. कन्हानमध्ये ई-रीडर उघडून दुरुस्त करणारे दुकान नाही; पडदा गेला तर नागपूर गाठले तरी फारसा उपयोग होत नाही. कोबोने २०२४ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या कंपनीबरोबर करार करून काही नव्या यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका द्यायचे ठरवले, आणि आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. या पोर्टलच्या कक्षेत सुटे भाग येतात, तशी प्रणालीही यावी: कंपनीचा पाठिंबा संपलेल्या यंत्रावर मालकाला आपला प्रोग्राम चालवता आला पाहिजे, एवढी अट पुरेशी आहे.

राज्याच्या हातात असलेले काम मात्र कंपनीची वाट न पाहता होऊ शकते. मराठी वळणाचे पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा आग्रह शासनाने लिपीविषयीच्या आदेशांत धरला आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्टही उपलब्ध आहेत. पुढची पायरी म्हणजे साहित्य आणि संस्कृती मंडळाची खुली पुस्तके ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात आणणे आणि फायलीत भाषा म्हणून हिंदी किंवा इंग्रजी नव्हे, मराठी नोंदवणे. ही नोंद चुकली तर मराठी वळण जाणणारा फॉन्टही हिंदी वळणाची अक्षरे दाखवू शकतो. विदर्भाचे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची कायद्याची मुदत केव्हाच उलटली. त्यांच्यापासून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही.