घराचा कर्ता कोण?

आपल्या जुन्या घरांतून वडीलधारे माणूस गेले आणि तेरावा उरकला, की ओसरीवर एक प्रश्न हमखास निघतो: "आता घराचा कर्ता कोण?" उत्तर ठरलेले असते. थोरला मुलगा, तो परदेशी असला तर धाकटा, मुलगाच नसला तर पुतण्या. ज्या मुलीने पाच वर्षे वडिलांची औषधे पाहिली, घरपट्टी भरली, भाडेकरूंशी वाद घातला, ती त्या वेळी आत चहा करीत असते. प्रश्न तिच्या देखत निघतो, तिला मात्र कोणी विचारीत नाही.

या एका शब्दाचा अर्थ आपण पिढ्यानुपिढ्या चुकीचा लावीत आलो आहोत, आणि ही चूक भोळेपणाची नसून सोयीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाणिनीने क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठी व्याकरणाचा केवढा मोठा ग्रंथ सिद्ध केला. पण कर्त्याला मिशा असाव्यात असा नियम त्यातही नाही. 'सुमन पत्र लिहिते' या वाक्यातील कर्ता कोणता, असे गुरुजींनी विचारले की वर्ग एका सुरात 'सुमन' म्हणतो. पुढे 'सुमनने पत्र लिहिले' असा कर्मणी प्रयोग येतो. तेथे क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, सुमनकडे वळूनही पाहत नाही. तरीही व्याकरण तिचे कर्तेपण काढून घेत नाही. आपल्या घरांत मात्र सारा संसार कर्मणी प्रयोगात चालतो आणि कर्ता म्हणून नाव दुसऱ्याचेच लागते.

बोलीतील भेदही पाहण्यासारखा आहे. 'ती मोठी कर्ती बाई' असे आपण कौतुकाने म्हणतो. 'तो घरचा कर्ता पुरुष' असे म्हणतो ते अधिकाराने. एकच शब्द, पण स्त्रीला लावला की गुण दाखवितो, पुरुषाला लावला की हुद्दा. कौतुकाला मुद्रांक लागत नाही, म्हणून ते आपण सढळ हाताने वाटतो.

कायद्यानेही हा घोळ बराच काळ सांभाळला. हिंदू एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक तो 'कर्ता'. विधवा मातेला कर्ता होता येते, असे नागपूर उच्च न्यायालयाने १९४७ मध्ये म्हटले होते. जन्माने हिस्सेदार, म्हणजे सहदायाद, नसलेल्यास कर्ता होता येत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ते दार बंद केले. पुढे आंध्रात १९८६ च्या आणि महाराष्ट्र-कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीने अविवाहित मुली सहदायाद झाल्या. मध्य प्रदेश-गुजरातेतील आम्हांस ९ सप्टेंबर २००५ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवसापासून देशभर मुलगी, विवाहित असो वा नसो, मुलाच्या बरोबरीने सहदायाद ठरली. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. सहदायादांत वडील असलेली स्त्री कर्ता होऊ शकते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते उचलून धरले. घर प्रत्यक्ष चालविणारी सून मात्र अद्याप बाहेरच आहे, कारण कायदा अजून जन्म पाहतो, क्रिया पाहत नाही. तरी कायदा चार पावले चालला. आमच्या ओसऱ्या जागच्या हललेल्या नाहीत.

उलट आम्ही एक नवी युक्ती शोधली: हक्कत्यागपत्र. "बहिणीने राजीखुशीने सही दिली," असे सांगतात. आमची सारी नोकरी महसुलात, इंदूर व आसपासच्या जिल्ह्यांत गेली. नामांतरणाच्या प्रकरणांत अशा राजीखुशीच्या सह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. ज्या कागदावर सही झाली तो वाचला होता का, असे एकीदोघींना विचारले, तेव्हा त्या आधी भावाच्या तोंडाकडे पाहत. माहेर तुटेल या भीतीला राजीखुशी म्हणणे हा भाषेवरही अन्याय आहे.

सरकारी टिपणे आम्ही हिंदीत लिहिली, पण कर्ता लपविण्याची कला दोन्ही भाषांना सारखीच साधते. 'निर्णय घेण्यात आला', 'सह्या घेण्यात आल्या'. कोणी घेतल्या? १९९१ मध्ये आमचे वडील गेले, तेव्हा १९५६ च्या कायद्याने त्यांच्या हिश्श्यात आमच्या थोरल्या बहिणीचा वाटा होताच. तिची सही आम्हीच घेतली. (येथे आम्ही म्हणजे संपादकी आम्ही नव्हे, एकटे आम्ही.) ती घाईत होती, मुलाची परीक्षा होती, कागद मुडपून, सहीची जागा तेवढी उघडी ठेवून आम्ही तो पुढे केला. कायदा आम्हांस तिच्यापेक्षा अधिक ठाऊक होता, आणि त्याचाच उपयोग आम्ही केला.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी तो निदान आपल्या गावात देऊ नये. १७६७ मध्ये मालेराव गेले, तेव्हा दिवाण गंगाधर यशवंतांनी हाच ओसरीवरचा प्रश्न काढून दत्तकाची सूचना केली. अहिल्याबाईंनी ती फेटाळली आणि १७९५ पर्यंत राज्य चालविले. त्यांच्या नावाने उत्सव करावयाचे आणि घरच्या मुलीचे नाव खात्यातून कमी करावयाचे, हे दोन्ही एका आठवड्यात करणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांच्या शिधापत्रिकेवर घरातील वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. झोपडीतल्या बाईला जे मिळाले ते वाड्यातल्या बाईला देताना आपला हात का आखडतो?

आमच्या वाड्याची मागली बाजू अजून विकलेली नाही. तिचे कागद यंदा तयार झाले, ते प्रथम बहिणीकडे देवासला धाडले. तिने महिनाभर ठेवून घेतले, दोन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आणि सही न करता परत पाठविले. सोबतच्या चिठ्ठीत चौथ्या कलमाचा अर्थ विचारला आहे. त्याचे उत्तर आम्ही लिहीत आहोत.