खोली नंबर अमुक

यंदाच्या दिवाळी अंकासाठी लेखकांना पत्रं गेली, तेव्हा मागणी साधी होती. आजोबा-पणजोबा, आजी-पणजी यांच्यापैकी कुणीतरी ज्या इमारतीत राहिलं ती शोधा आणि तिच्याविषयी लिहा. लेख येतील अशी आमची समजूत होती; आधी आले ते फोन. "सात-बारा काढला, पण त्यात घर कुठंच नाही," ही तक्रार तर वारंवार ऐकली.

तक्रार करणाऱ्यांचा दोष नाही. सात-बारा जमिनीचा. गावठाणातलं घर शोधायचं तर ग्रामपंचायतीतला नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी यादी पाहावी लागते. (तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो पुन्हा जमिनीचाच.) शहरात नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका मिळवायची. पुण्यातल्या एखाद्या वाड्याची कथा त्याहून मागं न्यायची असेल, तर पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. पण ते मोडीत, म्हणजे मोडी वाचणारा माणूस आधी गाठायला हवा.

एवढं करूनही बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. कारण हे सगळे कागद मालकांचे आहेत आणि आपले पूर्वज, विशेषतः मुंबईला आलेले, भाडेकरू होते.

वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० साली मुंबईत विकास खातं (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) निघालं. त्यासाठीचा काही पैसा शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून उभा केला. त्यातून चार ठिकाणी मिळून २०७ इमारती झाल्या, एकट्या वरळीत १२१. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला होता. म्हणजे नंतर जिथं कुणाचा पाळणा टांगला गेला, त्याच भिंतींआड आधी सत्याग्रही कोंडलेले असू शकतात. सरकारदरबारी या इमारतींचे नकाशे आहेत, खर्चाचे हिशेब आहेत. मिळकत पत्रिकेवर मात्र त्या ऐंशी बिऱ्हाडांपैकी एकाचंही नाव नाही.

अपवाद थोर माणसांचा. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. खोल्या ५० आणि ५१, हे आज शाळकरी मुलंही सांगतात. लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर, जिथं ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. ते योग्यच झालं. पण ट्रस्टच्या त्याच चाळीत खोली ४९ मध्ये कोण होतं? त्या बिऱ्हाडानं बाबासाहेबांच्या खोलीतला रात्री उशिरापर्यंतचा दिवा पाहिला असेल, नळावर गाठी पडल्या असतील. त्या घरातली नातवंडं आज कुठंतरी असतील आणि बहुधा त्यांना हे ठाऊकही नसेल.

तेव्हा भाडेकरूचा माग लावायचा तर मालकाच्या दप्तरातून उठून इतरांच्या दप्तरांत शिरावं लागतं. आमच्या लेखकांनी हेच केलं आणि इथं खरी गंमत आहे. सगळ्यांत उपयोगी ठरली ती भाड्याची पावती. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, खोल्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिल्या आणि पुष्कळ ठिकाणी पावती मूळ भाडेकरूच्याच नावानं फाटत राहिली. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी दर महिन्याला त्यांच्या नावे भाडं जमा होतं! पावतीच्या कोपऱ्यात खोली नंबर असतो. मालकाचं नाव बदलतं, त्यावरून इमारत कधी विकली गेली तेही कळतं.

दुसरा साठा शाळांत. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींचा जाडजूड ग्रंथ, शाळा सहसा टाकून देत नाहीत. तिसरा गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, आणि कामगारांना घरं देण्याच्या सोडती निघाल्या तेव्हा ठिकठिकाणच्या ट्रंका उघडल्या गेल्या. हजेरी पास, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड. नवं घर मिळवायला काढलेल्या या कागदांत जुन्या घराचा पत्ता निघाला, असं दोघा लेखकांनी कळवलं आहे.

आणि गावकीच्या खोल्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांनी मुंबईत वर्गणी काढून खोली घेतली होती. तिथं पाळीनं झोपणारे, खानावळीत जेवणारे आणि गावी मनीऑर्डर धाडणारे पुरुष राहत. धोबी तलाव, माझगाव भागांतले गोवेकर ख्रिस्ती लोकांचे कूड त्याच धर्तीचे. बोटीवर जाणारे खलाशी तिथं मुक्कामाला असत. अशा मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत जी नावं आहेत, ती कुठल्याच सरकारी कागदावर सापडायची नाहीत. मात्र त्यांत बायका नाहीत. खानावळ चालवून पाच-दहा जणांना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव शोधायचं, तर ते वहीपेक्षा कुणाच्या तरी आठवणीतच सापडण्याची शक्यता जास्त.

एक बोचणारी गोष्टही सांगायला हवी. मराठी घरांत वाड्यांचा अभिमान फार. कुलवृत्तांत उघडावा तर इनाम, सनद, सोपा, चौक. पुढं त्याच घराण्यातली माणसं शहरात येऊन दहा-बाय-बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहिली, तो भाग "नोकरीनिमित्त मुंबईस स्थायिक" एवढ्या तीन शब्दांत आटोपलेला. खरं तर लिहिण्यासारखं त्या खोलीतच जास्त घडलं. गॅलरीतल्या गप्पा 'बटाट्याची चाळ'मुळे साहित्यात आल्या. गॅलरीत आपापल्या घरातलं कोण झोपत होतं, हे मात्र आपण लिहून ठेवलं नाही.

वेळ फार उरलेला नाही. पुण्यात १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचे वाडे नेले, तसे त्यांतले कागदही नेले. आता पूर यायची गरज नाही, पुनर्विकास पुरेसा आहे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये बीडीडीतल्या ५५६ रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुन्या संडासाची रांग आणि गळकं छत यांवर अश्रू ढाळायला आम्हाला आवडत नाही. ज्यांनी ती रांग लावली त्यांना विचारा. घर मोठं झालं याचा आनंदच आहे. पण जुनी खोली रिकामी करताना पहिल्यांदा रद्दीत जातात ते पिवळे कागद, आणि हे घडू नये एवढंच आमचं मागणं आहे.

म्हणून वाचकांना विनंती. फराळाला चार माणसं जमतील, त्यांत सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल. त्यांना मोठे प्रश्न विचारू नका. खोली नंबर विचारा, मजला विचारा, मोरी कुठल्या कोपऱ्यात होती, शेजारी कोण, भाडं किती, कोण कुठं झोपायचं, हे विचारा. उत्तर लगेच वहीत उतरवा, खाली तारीख घाला. रेशनकार्ड, पावत्या, मागे पत्ता लिहिलेली लग्नपत्रिका यांचे फोटो काढा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमटपणा धरतो. काही हाती लागलं तर आम्हाला कळवा. निवडक नोंदी पुढच्या दिवाळी अंकात छापू. पत्ता आतल्या पानावर आहे.